घरी क्रीमी सी-फूड सूप (क्लॅम चाउडर टाइप) करायचंय, आपल्या तिसऱ्यांचं जमेल का?

दुपारचा_चहा

मंडळी, मदत हवीय. भाऊ-वहिनी बॉस्टनजवळ क्विन्सीला असतात, नाताळच्या सुट्टीत सगळे ठाण्याला येतायत. भाच्याला आपलं तिखट बिलकुल झेपत नाही, पण मासे म्हटलं की पोरगं उड्या मारतं, आणि तिकडचं त्याचं फेवरेट म्हणजे क्लॅम चाउडर, ते पांढरं दाट सूप असतं ना बटाटे आणि शिंपल्यातलं मांस घातलेलं, ते. तर म्हटलं एक दिवस घरीच करू. मासे करायची सवय आहे मला, पण दूध आणि मासे एकाच पातेल्यात असा प्रकार कधी केलेला नाही, त्यामुळे मन धजावत नाहीये.

शंका अशा की क्लॅमच्या जागी तिसऱ्या चालतील ना? का नुसत्या कोळंबीचं करू? क्रीम म्हणजे ते टेट्रापॅकवालं चालेल का, आणि दूध फाटणार नाही याची काय गॅरंटी? सगळ्या रेसिप्यांत बेकन दिसतंय, ते आमच्या घरात येणार नाही, मग त्याच्याऐवजी काय? आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आई. तिने आत्ताच जाहीर केलंय की मासे आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर कोड येतं, पोराला असलं काही द्यायचं नाही. तिला काय सांगू?

सात-आठ जण असू. अनुभवी लोकांनी लिहा प्लीज, युट्यूबच्या लिंका नकोत, बघून बघून डोकं भंजाळलंय.

मीठ_बेताचं

तिसऱ्या चालतात, मस्त होतं. पण त्याआधी बाजारातली एक गोष्ट ऐका कारण इथेच अर्धं सूप जातं.

आपण तिसऱ्यांचा वाटा घेतो आणि मावशीला सांगतो, उघडून दे गं. ती फटाफट एकेक शिंपली उघडते, मांस एका बाजूला ठेवते, आणि आतलं पाणी सगळं पाटावरून खाली गटारात. एकशिपी करायची तर ठीक आहे, तिथे वाटण आहे, मसाला आहे, खपून जातं. पण या सूपात मसाला नाहीच, चव आहे ती त्या पाण्यातच. त्यामुळे तिसऱ्या अख्ख्या, बंद शिंपल्यांच्या घ्या. मावशी विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

घरी आणल्यावर एक लिटर पाण्यात साधारण ३० ते ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याएवढं खारट करायचं, आणि त्यात तास-दीड तास अंधाऱ्या जागी पसरट भांड्यात ठेवायच्या. जिवंत असतील तर तोंड किंचित उघडून वाळू टाकतात, खाली बारीक रेतीचा थर दिसेल. नळाच्या गोड्या पाण्यात भिजत घालू नका, त्यात त्या तोंड मिटून बसतात नाहीतर मरतात. मग हाताने उचलून बाहेर काढायच्या, भांडं चाळणीत उपडं केलंत तर रेती परत त्यांच्याच डोक्यावर. ज्या आधीपासून आ वासून पडल्यात आणि टिचकी मारूनही मिटत नाहीत त्या फेका, फुटक्या फेका.

पातेल्यात कपभर पाणी उकळायला ठेवून त्यात तिसऱ्या टाका, झाकण, मोठी आच. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात, उघडल्या की लगेच काढायच्या, जास्त राहिल्या की रबर. ज्या शेवटपर्यंत उघडत नाहीत त्या पण बाद. खाली जे गढूळ पांढुरकं पाणी राहतं ते सोनं आहे, दहा मिनिटं स्थिर ठेवा, मग वरवरचं मलमलच्या फडक्यातून गाळा, तळाचं दोन चमचे पाणी रेतीसकट सोडून द्या. आणि हे पाणी मुळातच खारट असतं, त्यामुळे सूपात मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. माझं नावच बघा ना.

एक मात्र आहे, आपल्या तिसऱ्यांत मांस फार निघत नाही. दोन किलो आणल्या तरी जेमतेम वाटी-दीड वाटी. सात-आठ जणांना नुसत्या तिसऱ्यांवर भागवायचं तर उघडतानाच कंटाळाल. एक किलो तिसऱ्या पाण्यासाठी आणि चवीसाठी, भर कोळंबीची आणि एखाद्या पांढऱ्या माशाची, असं करा.

रस्सा_वाढा

एवढा खटाटोप कशाला? बोंबील फ्राय, भात आणि सोलकढी द्या पोराला. सोलकढी पण क्रीमीच असते 😀

दुपारचा_चहा

@रस्सा_वाढा ते तर असणारच हो, बाकीच्यांनी काय उपाशी राहायचं का 😀

@मीठ_बेताचं बाप रे केवढं सविस्तर, थँक्यू. पांढरा मासा म्हणजे कुठला? सुरमई चालेल?

चार्ल्सकाठी

बॉस्टनमध्ये बरीच वर्षं आहे त्यामुळे राहवलं नाही. इकडे चाउडरसाठी जे क्लॅम वापरतात ते क्वाहॉग, कडक जाड शिंपल्याचे. लहान असतील तर लिटलनेक, त्याहून मोठे चेरीस्टोन, आणि सगळ्यात मोठ्यांना सरळ चाउडर क्लॅमच म्हणतात, ते चिवट असतात म्हणून बारीक चिरून घालतात. आपल्या तिसऱ्या त्या मानाने पिटुकल्या पण कोवळ्या आणि गोडसर, त्या चिरायच्या नाहीत, अख्ख्याच घाला.

भाचा जे खातो ते रेस्टॉरंटवालं असणार, चमचा उभा राहील इतकं दाट. ते दाटपण मैद्याचं, क्रीमचं नाही. घरोघरी जुनी माणसं करतात ते बरंच पातळ असतं, दुधाचं, वर बटर तरंगतंय आणि सोबत ऑयस्टर क्रॅकर्स, म्हणजे छोटी खारी गोल बिस्किटं (ऑयस्टरचा अंशही नसतो त्यात). मला स्वतःला पातळच आवडतं, दाट म्हणजे वॉलपेपर चिकटवायची खळ.

गंमत म्हणजे १७५१ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात चाउडरची कृती छापून आली होती, तीही चक्क पद्यात, त्यात दूध नाही, क्रीम नाही, बटाटाही नाही! कांदा, खारवलेलं डुकराचं मांस, मासे आणि भिजवलेली बिस्किटं यांचे थर, वर रेड वाइन. दूध आणि बटाटे नंतर आले. आणि आता इथली माणसं दुधावरून इतकी हळवी की न्यूयॉर्कवाले टोमॅटो घालून लाल चाउडर करतात ते यांना चाउडर वाटतच नाही, १९३९ मध्ये मेन राज्यात एका लोकप्रतिनिधीने चाउडरमध्ये टोमॅटो घालणं बेकायदा करा म्हणून विधेयक मांडलं होतं. शेजारच्या रोड आयलंडमध्ये तर दूधही नाही आणि टोमॅटोही नाही, नुसतं शिंपल्यांचं पाणी, बटाटा, कांदा. मीठ_बेताचं यांनी जे लिहिलंय ना पाणी फेकू नका, ते त्या सूपात सगळ्यात जास्त कळतं, क्रीमच्या मागे लपायला जागाच नसते.

क्रीमचं म्हणाल तर इकडचं हेवी क्रीम किमान ३६ टक्के फॅटचं, तुमच्याकडचं अमूल फ्रेश क्रीम २५ टक्के. चालतं, फक्त उकळायचं नाही. इथेही घरी बरेच जण हेवी क्रीम न घालता हाफ-अँड-हाफच (अर्धं दूध, अर्धं क्रीम) घालतात, त्यात फॅट अजून कमी असतं.

तिसरा_मजला

आईंच्या प्रश्नाबद्दल. मी त्वचारोग विभागात काम करतो, हा प्रश्न ओपीडीत रोजचा आहे, घरचा कोणीतरी हमखास विचारतोच, लहानपणी मासे खाऊन दूध प्यायला होता म्हणून झालं का हो. नाही. कोड हा ऑटोइम्यून प्रकार आहे, आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. मासे-दूध एकत्र खाल्ल्याने तसं होतं याला काही पुरावा नाही. उत्तर युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लोक पिढ्यानपिढ्या हे खातायत.

पण आईंना "काहीतरीच काय" असं म्हणू नका, त्यांनी ते मनचं काढलेलं नाहीये. चरकसंहितेत विरुद्ध आहाराच्या यादीत मासे आणि दूध हे उदाहरण स्पष्ट आहे, आपल्या घरांत ते तिथूनच झिरपत आलंय. त्यांना पटत नसेल तर त्यांच्या वाट्याचं दूध घालायच्या आधी बाजूला काढा, भांडण कशाला.

तुम्ही काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची, येणाऱ्यांपैकी कोणाला शिंपले-कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारून घ्या. मासे चालतात पण कोळंबीने ओठ सुजतात अशी माणसं असतात, आणि या सूपात सगळं एकाच पातेल्यात असल्याने त्यांना बाजूला काढून देता येत नाही.

खारवलेलं

बेकनला पर्याय विचारलाय ना, मग इतका वेळ कोणी सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या सोललेल्या कोळंबीचं, नाव कसं घेतलं नाही? आम्ही सीकेपी, आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सोडेच असतं, पण इथे खरंच बसतात. बेकन काय करतं, खारटपणा, थोडा धुरकट वास आणि खमंग चरबी. मूठभर सोडे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, बारीक तुकडे करा आणि बटरमध्ये मंद आचेवर कडा लालसर होईपर्यंत परता. अर्धे काढून ठेवा वरून भुरभुरायला, उरलेल्यांत कांदा टाकून पुढे चला. भिजवलेलं पाणी सूपात घालायचा मोह टाळा, फार उग्र होतं आणि पांढऱ्या सूपाला सुक्या मासळीच्या बाजाराचा वास येईल. भाचा परत क्विन्सीला पळेल.

सोडे घेताना गुलाबीसर, कोरडे, मोडले की कटकन आवाज येणारे घ्या, पिवळट चिवट नकोत.

धुकं_आणि_पाव

स्कॉटलंडमधून. मी अ‍ॅबर्डीनला असते, इकडे कलन स्किंक म्हणून सूप आहे, कलन हे मोरे भागातलं समुद्रकाठचं गाव, तिथलं. धुरी दिलेला हॅडॉक मासा, कांदा, बटाटा, दूध. बस्स. मैदा नाही, आणि बऱ्याच घरांत क्रीमही नाही. मासा दुधातच हलका शिजवतात, त्याच्या धुराची चव दुधात उतरते, मासा बाहेर काढून काटे काढतात, बटाटे अर्धे कुस्करून त्यानेच दाट करतात. पावसाळी संध्याकाळी (म्हणजे इथे वर्षातले बहुतेक दिवस) एक बाउल खाल्ला की जेवण झालं.

सांगायचा मुद्दा, ज्यांना मैदा नको त्यांनी बटाट्यावर भिस्त ठेवावी, जुना पिठूळ बटाटा घ्या, तो फुटतो आणि सूप आपोआप दाट होतं. नव्या बटाट्याचे तुकडे शिजूनही तसेच टणक राहतात, ते दिसायला छान. मी दोन्ही मिसळून घालते.

आणि धुराची चव हवी असेल तर आपला धुंगार आहेच की. तयार सूपात छोटी वाटी, त्यात पेटता कोळसा, वर अर्धा चमचा बटर, झाकण दोन मिनिटं. तीन झाली की सूप दाल फ्रायसारखं लागायला लागतं.

दुपारचा_चहा

काय सुंदर माहिती देताय सगळे. धुंगार आणि सोडे दोन्ही डोक्यात फिट्ट बसलंय. आईला चरकसंहिता सांगितलं तर म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना!" आता ती जिंकल्याच्या आनंदात आहे आणि सूपाला परवानगी मिळालीये, पण तिच्यासाठी वेगळं काढायचं.

आता कोणीतरी क्रमाने सांगा ना, कशानंतर काय. आणि माशाचं राहिलंच.

मीठ_बेताचं

सांगतो. सुरमई नको, गरम सूपात दोन मिनिटं जास्त झाली की कोरडी लाकडासारखी होते. बांगडा तेलकट, दुधात फार वास मारतो. बोंबील घातलात तर शोधावा लागेल. रावस उत्तम, नाहीतर जिताडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पाव किलो काटे काढलेले मोठे तुकडे. कोळंबी अर्धा किलो, मध्यम, डोक्यासकट. डोकी आणि सालं टाकायची नाहीत हे आता सांगायला नको.

आणि इथे हात बांधून ठेवा. मासे धुतले की आपला हात आपोआप हळद, मीठ, लिंबाकडे जातो, गेला ना? इथे नाही लावायचं. हळदीने सूप पिवळं होतं आणि लिंबाने दूध फाटतं. कोकम, आगळ, टोमॅटो यांनाही या दिवशी सुट्टी. वास येईल असं वाटत असेल तर मासा ताजा नाही एवढाच त्याचा अर्थ.

आधी स्टॉक. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल-बटर, त्यात कोळंबीची सालं-डोकी मोठ्या आचेवर परता, आधी करडी असतात ती लालकेशरी होतात आणि कोकणातल्या घरासारखा वास सुटतो. पळीने डोकी दाबायची, आतला ऐवज बाहेर येऊ दे. मग एक लिटर पाणी, कांद्याची फोड, गाजराचा तुकडा, पाच-सहा मिरी, वीस-पंचवीस मिनिटं मंद आच, गाळून घ्या. तासन्‌तास उकळायचं नाही, ते मटणाच्या हाडांचं काम, इथे कडवट होतं. तमालपत्र घालू नका, रेसिपीत बे लीफ लिहिलेलं असतं पण ते वेगळं झाड, आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास, सूप पुलावासारखं लागेल.

दुसरीकडे तिसऱ्या वर लिहिल्याप्रमाणे वाफवून, मांस काढून, पाणी गाळून तयार.

आता मुख्य पातेलं. ५० ग्रॅम बटर, त्यात सोडे, मग एक मोठा कांदा बारीक चिरून, सेलरीच्या एक-दोन काड्या (दादरला, ठाण्याला भाजीवाल्याकडे मिळते, नसली तर सोडा, ओवा वगैरे घालू नका). कांदा मऊ व्हायला हवा, लाल नाही. त्यात दोन मोठे चमचे मैदा भुरभुरून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, कच्चा पिठाचा वास जाऊन खारी बिस्किटासारखा वास येईपर्यंत. मग स्टॉक थोडा थोडा घालत ढवळा म्हणजे गुठळ्या नाहीत. तिसऱ्यांचं पाणी घाला. तीन बटाटे सेंटिमीटरभर फोडी करून टाका, बारा-पंधरा मिनिटांत शिजतील, त्यातल्या चार-पाच फोडी पातेल्याच्या कडेला दाबून कुस्करा. आईंचं इथे बाजूला काढा, त्यात त्यांच्यापुरते रावस-कोळंबी वेगळे शिजवा.

बाकीच्यात रावसाचे तुकडे, तीन मिनिटं. कोळंबी, दोन मिनिटं, ती अर्धवर्तुळ झाली की झाली, पूर्ण गोल वेटोळं झालं की गेली. मग आच अगदी बारीक. आता दूध-क्रीम, दीड कप फुल क्रीम दूध आणि २०० मिली क्रीम एकत्र करून वेगळ्या भांड्यात कोमट करा, त्यातच दोन डाव गरम सूप घालून ढवळा आणि मग ते सगळं पातेल्यात. थंड क्रीम फ्रिजमधून काढून थेट ओतायचं नाही. यानंतर उकळी नाही म्हणजे नाही. तिसऱ्यांचं मांस शेवटी, फक्त गरम होण्यापुरतं. पांढरी मिरी पूड, चव बघून मीठ, गॅस बंद.

पिठी_साखर

फाटण्याबद्दल थोडं अजून, कारण भीती त्याचीच असते सगळ्यांना. फाटतं तीन कारणांनी, आंबट, जास्त उष्णता, किंवा फॅट कमी. पातळ टोन्ड दूध पटकन फाटतं, फुल क्रीम दूध (६ टक्के फॅट) कमी, क्रीम त्याहून कमी. मैद्याचा स्टार्च असला की तो दुधातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गठ्ठा होऊ देत नाही, म्हणून मैदा लावलेलं सूप जरा बेफिकिरीने केलं तरी निभावतं. धुकं_आणि_पाव म्हणतायत तसं बिनमैद्याचं करणार असाल तर आचेकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागेल. आणि फाटलंच तर सगळं टाकू नका, तुकडे झाऱ्याने बाहेर काढा, पातळ भाग मिक्सरला एखाद्या उकडलेल्या बटाट्याबरोबर फिरवा, तुकडे परत घाला. एकदम हॉटेलसारखं गुळगुळीत नाही होणार पण पाहुण्यांना कळत नाही.

माडाखाली

मी वेंगुर्ल्याची. दूध, क्रीम, मैदा, एवढी कसरत करण्यापेक्षा नारळाचं दूध घाला की! आपलं क्रीम तेच. पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं-तिसरं पातळ दूध वेगळं, पातळात बटाटा-कांदा-मासे शिजवायचे, दाट शेवटी घालून फक्त गरम करायचं, उकळलं तर तेही फाटतं बरं का. वर हिरवी मिरची नको तर चार मिरीदाणे ठेचून. आईंचा प्रश्न सुटला, भाच्याचा सुटला, वेगळं पातेलं नको. बंगाली लोक चिंगडी मालाई करी करतात ती पण नारळाच्या दुधातलीच.

चार्ल्सकाठी

@माडाखाली छानच लागेल, मी आवडीने खाईन, पण ते चाउडर नव्हे. नारळाचा गोडवा पुढे येतो आणि तिसऱ्यांची चव मागे जाते. नऊ-दहा वर्षांचं पोरगं पहिल्या चमच्यात ओळखेल, ही मुलं या बाबतीत फार कडक असतात.

माडाखाली

@चार्ल्सकाठी चाउडर नसेना का, सूप तर आहे. १७५१ मध्ये दूधच नव्हतं असं तुम्हीच लिहिलंत वर 😛 आईंच्या वाट्याचं तरी नारळाच्या दुधाचं करा, त्यांना कोरडं नुसतं बटाट्याचं पाणी का द्यायचं?

चार्ल्सकाठी

ते मान्य. आईंचं नारळाचं, बाकीच्यांचं क्रीमचं. बेस एकच आहे, शेवटच्या पाच मिनिटांचा फरक.

अजून एक, सूप केल्या केल्या वाढू नका. गॅस बंद करून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, मग न उकळता परत गरम करा. इथले जुने लोक हे करतातच, चवी एकमेकांत मुरतात, बटाटा खारट पाणी ओढून घेतो. मीठ त्यानंतर परत चाखायचं.

रस्सा_वाढा

सोबत काय? लादीपाव नको बरं का, भिजून लगदा. इराणी बेकरीतला ब्रून पाव आणा, कडक कवचाचा, आडवा कापून बटर लावून. खारी बिस्किटं कुठे शोधत बसणार, ब्रून त्याहून भारी. वर कोथिंबीर टाकाल तर मी येऊन भांडेन, कांद्याची हिरवी पात बारीक चिरून टाका.

दुपारचा_चहा

@रस्सा_वाढा तुम्ही सोलकढीवरून ब्रूनपर्यंत आलात म्हणजे सूप होणार हे नक्की 😀 आई नारळाच्या दुधाला लगेच तयार झाली, म्हणते मग मलाही दे ना मोठा बाउल. वहिनीला विचारलं, अ‍ॅलर्जी कोणालाच नाही.

शेवटची शंका, सगळं त्याच दिवशी सकाळी शक्य नाही, घरात माणसं असणार, स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नसते. आदल्या दिवशी करून फ्रीज केलं तर? आणि उरलं तर फ्रीझरला टाकता येतं का?

पिठी_साखर

क्रीम घातलेलं सूप फ्रीझरला टाकू नका. विरघळल्यावर पाणी एकीकडे, चोथा एकीकडे, आणि बटाट्याच्या फोडी स्पंजसारख्या भुसभुशीत होतात. आदल्या दिवशी कोळंबीच्या सालांचा स्टॉक करून गाळून फ्रिजमध्ये ठेवा, तो फ्रीझरलाही महिनाभर आरामात राहतो, म्हणजे हवं तर आत्ताच करून ठेवा. कोळंबी आणि रावस साफ करून हवाबंद डब्यात फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात. तिसऱ्या मात्र त्याच दिवशी सकाळी आणा, आदल्या रात्री आणाव्याच लागल्या तर ओल्या फडक्यात गुंडाळून उघड्या भांड्यात फ्रिजमध्ये, पाण्यात बुडवून नाही आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तर अजिबात नाही, गुदमरून मरतात.

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा, मंद आचेवर गरम करा, घट्ट झालं असेल तर दुधाचा शिपका मारा.

मीठ_बेताचं

आणि पुढे कधी पावसाळ्यात करावंसं वाटलं तर लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताजा रावस विसरा. खाडीतल्या तिसऱ्या त्या दिवसांतही विकायला दिसतात पण कुठल्या खाडीतल्या ते विचारा, शिंपले जे पाणी गाळतात तेच त्यांच्या पोटात असतं. ठाण्यात मी तरी माहितीतल्या मावशीकडूनच घेतो, ती सांगते आज नको नेऊस, तर नाही नेत.